गटारातल्या उंदराइतकं सुंदर: 'द ब्लू हार्ट्स'ची गाणी

उन्हाळवाट

गेल्या आठवड्यात इथेच दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "जपानी गाणी म्हणजे कार्टूनच्या सुरुवातीला वाजतात ती." तिथे वाद घालत बसलो नाही, पण हात शिवशिवत होते. म्हणून हा वेगळा धागा.

२००३चा डिसेंबर. कामासाठी तोक्योत होतो. आमच्या मजल्यावर हिशेब बघणारे एक गृहस्थ होते, चाळिशीच्या जरा अलीकडचे. "सोऽ देस ने" (म्हणजे "हो ना") सोडून त्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. वर्षअखेरचं जेवण झालं, मंडळी कराओकेच्या खोलीत शिरली. माझ्या वाट्याला दरवेळी बीटल्स यायचे, तसे आले. मग या गृहस्थांनी माइक घेतला. सुरुवात इतकी हळू, की मला वाटलं प्रार्थना म्हणताहेत. डोळे मिटलेले, कोट अंगातच. आणि पुढच्याच क्षणी ड्रम सुरू झाले आणि हा माणूस दोन्ही पायांवर उड्या मारायला लागला. चष्मा उडून सोफ्याखाली गेला. सगळी खोली उडत होती. रिसेप्शनवरची मुलगी, साहेब, सगळे. "लिंदा लिंदाऽ!"

मला धक्का बसला तो मात्र उड्यांमुळे नाही. मला शब्द कळत होते! पुण्यात शिकून जपानी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी कशीबशी पास झालेला मी (तेव्हा चारच पातळ्या होत्या), टीव्हीवरच्या बातम्या डोक्यावरून जायच्या, ऑफिसातलं अदबशीर जपानी तर दुसरीच भाषा वाटायची. आणि इथे एक माणूस किंचाळून सांगत होता की मला गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय, कारण फोटोत न उमटणारं सौंदर्यही असतं. एकही शब्द अडला नाही. शब्दकोशाशिवाय कळलेलं माझं पहिलं जपानी गाणं.

तर बँड म्हणजे 'द ब्लू हार्ट्स'. पंक वाजवणारा, म्हणजे साधं, वेगवान, आरडाओरडा करणारं रॉक. १९८५मध्ये तोक्योत जमला, १९९५मध्ये मोडला. चौघे जण: गायक हिरोतो कोमोतो (मूळचा ओकायामाचा), गिटारवर मासातोशी माशिमा, बेसवर जुन्नोसुके कावागुची, ड्रमवर तेत्सुया काजिवारा. माशिमाला सगळे लाडाने 'माऽशी' म्हणतात. हो, मलाही तेच आठवतं. डोक्याला रुमाल बांधलेला, खरखरीत आवाजाचा हा माशी आणि कातरलेल्या केसांचा, डोळे फिरवत, जीभ बाहेर काढत गाणारा हिरोतो, हे दोघेच बहुतेक गाणी लिहायचे. एकत्र बसून नाही, आपापली. हळूहळू कान बसला की कुठलं कुणाचं ते न बघता ओळखता येतं. हिरोतोचं गाणं पोटातून येतं, एकदम. माशी आधी एक दृश्य दाखवतो आणि मग टोचतो.

माझी आवडती पटकन सांगतो. 'हितो नी यासाशिकु' म्हणजे 'माणसांशी मायेने', १९८७च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच काढलेली तबकडी. नाव वाचून भजन वाटेल, पण पहिलंच वाक्य 'वेड लागायची पाळी आलीय' अशा अर्थाचं. त्याच वर्षी १ मेला मोठ्या कंपनीतर्फे 'लिंदा लिंदा', आणि वीस दिवसांनी पहिला अल्बम. त्यात बारा गाणी आणि 'लिंदा लिंदा' सगळ्यात शेवटी. आज कुणी हिट गाणं असं तळाशी ठेवील का? मग १९८८चं 'ट्रेन-ट्रेन', १९८९चं 'आओझोरा' (निळं आभाळ), १९९०चं 'जोनेत्सु नो बारा' (उत्कटतेचा गुलाब). यातलं हे शेवटचं गाणं विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

'ट्रेन-ट्रेन'बद्दल थोडं जास्त. सुरुवातीला नुसता पियानो आणि आवाज, पंकवाल्यांना शोभणार नाही असा. वैभवाकडे धावणाऱ्या त्या गाडीत बसून जाऊ, अनवाणीच बाहेर पडू. मग मधेच एक ओळ येते, की संध्याकाळच्या वेळी दुबळी माणसं आपल्याहून दुबळ्यांना मारतात. दुष्ट लोक नव्हे, दुबळेच. आणि संध्याकाळीच का? मला वाटतं शाळा सुटायची वेळ, ऑफिस सुटायची वेळ, दिवसभर खाल्लेलं कुणावर तरी काढायची वेळ. कुणी वेगळा अर्थ लावत असेल तर सांगा.

माझं म्हणणं इतकंच आहे, की ही गाणी टिकली ती सोप्या शब्दांमुळे. आणि नेमकी त्याच कारणाने ती मराठीत आणताना माझी फजिती झाली. 'लिंदा लिंदा'चा अनुवाद करून बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंय का?"

टिकलीताई

हाहा, बायकोला दंडवत! सविस्तर नंतर लिहिते, आता डबे भरायचेत.

खडूस_काका

लेखन छान आहे, पण एक शंका. याला पंक कोणत्या हिशेबाने म्हणायचं? लंडनमध्ये १९७६-७७ साली पंक आलं ते बेकारीतून. पोरांच्या हाताला काम नव्हतं, म्हणून 'भविष्यच नाही' म्हणून ओरडत होती. १९८७चं जपान म्हणजे फुगा टम्म फुगलेला काळ. तोक्योतल्या जमिनींचे भाव आभाळाला भिडलेले, कंपन्या कॉलेजातून पोरं पळवून नेत होत्या. यांना राग कसला आला होता? वर मोठ्या कंपनीचा शिक्का, टीव्ही मालिकेला गाणं, क्रमांक एक वगैरे. मला तर हे जोरात वाजवलेलं बालगीत वाटतंय. युट्यूबवर ऐकूनच लिहितोय, न ऐकता नाही.

बोरकूट

काकांशी नंतर भांडू. आधी मुद्द्याचं. उंदीर का म्हणताय? गटारात असते ती घूस. 'घुशीसारखं सुंदर' म्हणा, मग बघा कशी ओळ उभी राहते.

उन्हाळवाट

@बोरकूट, मूळ शब्द 'दोबुनेझुमी'. दोबु म्हणजे गटार, नेझुमी म्हणजे उंदीर. शहरातला तो तपकिरी, मोठा उंदीर. घूस वेगळी जात. शिवाय मराठीत 'घूस' म्हटलं की पोखरणं आणि टेबलाखालून घेणं दोन्ही आठवतं, सौंदर्य कुठून येणार!

बोरकूट

तेच तर! ज्याच्याकडे बघून सगळे नाक मुरडतात त्याच्यासारखं सुंदर व्हायचंय ना त्याला? उंदीर तर गणपतीचं वाहन. आमच्याकडे उंदराला मान आहे. घुशीला नाही. अर्थाने घूसच बरोबर.

पायवाट

बोरकूट, हा मुद्दा मला पटला. (प्राणिशास्त्राने उन्हाळवाट बरोबर, कवितेने तुम्ही.)

यात आणखी एक पदर आहे. जपानमध्ये करड्या सुटातल्या नोकरदारांच्या पोशाखाला टिंगलीने 'दोबुनेझुमी' म्हणायची पद्धत होती. सकाळच्या लोकलमध्ये एकाच रंगाचे शेकडो सूट. म्हणजे तुमचे ते हिशेबवाले गृहस्थ सूट अंगात ठेवून हे गाणं गात होते, ते शब्दशः गटारातल्या उंदराच्या वेषात! हिरोतोच्या डोक्यात सूट होता असा माझा दावा नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात येतोच.

आता काकांच्या प्रश्नाकडे. मी तेरा वर्षं जपानात आहे, मुलं इथल्याच शाळेत गेली, त्यामुळे उत्तर मला जवळचं वाटतं. राग पोटाचा नव्हता, शाळेचा होता. सत्तरच्या दशकापासून तिथल्या शाळांत नियमांचा असा काही कहर होता की वाचून हसू येतं आणि मग येत नाही. केसांची लांबी किती, मोज्यांचा रंग कोणता, स्कर्ट गुडघ्यापासून कुठवर. कित्येक सरकारी माध्यमिक शाळांत मुलांना डोकं भादरूनच यावं लागायचं. वर प्रवेशपरीक्षांचा घाणा. आणि ऐंशीच्या दशकात वर्गातल्या छळाच्या, म्हणजे 'इजिमे'च्या बातम्या देशभर गाजायला लागल्या होत्या. हाताला काम होतं, काका, हे खरंच. पण ते काम कोणतं, कुठे, कसे केस ठेवून, हे सगळं दहाव्या वर्षीच ठरल्यासारखं. भविष्य नाही म्हणून ओरडणं वेगळं आणि भविष्य आधीच छापून तयार आहे म्हणून ओरडणं वेगळं. पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याचं नाव बघा: 'मिराइ वा बोकुरा नो ते नो नाका', भविष्य आमच्या मुठीत.

'ट्रेन-ट्रेन' ज्या मालिकेचं शीर्षकगीत होतं ती १९८९ची, नाव 'हाइसुकूरु राकुगाकी'. राकुगाकी म्हणजे भिंतीवर-बाकावर खरडणं. मवाली पोरांची तांत्रिक शाळा आणि तिथे येऊन पडलेली तरुण बाई. म्हणजे टीव्हीनेही हा बँड उचलला तो याच जागेसाठी. दुसऱ्या भागाला 'जोनेत्सु नो बारा' लावलं.

राहिला बालगीताचा आरोप. तो मी मान्य करते! त्यांच्या आधीही जपानात पंक होतंच. 'द स्तालिन' नावाचा बँड तर मंचावरून प्रेक्षकांवर डुकराचं आतडं-कोथळं फेकायचा. त्या गर्दीत ही चार पोरं येऊन 'माणसांशी मायेने वागा' म्हणतात. त्या काळात धक्कादायक काय होतं सांगा बरं, डुक्कर की माया?

खडूस_काका

"भविष्य आधीच छापून तयार" हे आवडलं. अर्धं पटलं. कंपनीचं काय?

पायवाट

कंपनीचंही सांगते. १९८६ला चेर्नोबिल झालं. यांनी त्यावर गाणं केलं, नाव सरळ 'चेर्नोबिल'. कंपनी ते काढेना. मग १९८८मध्ये यांनी ती तबकडी बाहेर स्वतःच काढली. कंपनीत राहून! त्याच उन्हाळ्यात आरसी सक्सेशन या त्यांच्याहून ज्येष्ठ बँडचा 'कव्हर्स' हा अल्बम तोशिबा-ईएमआयने ऐन वेळी थांबवला होता, त्यातही अणुऊर्जेविरुद्ध गाणी होती. तोशिबा अणुभट्ट्या बांधते हे वेगळं सांगायला नको. शेवटी तो दुसऱ्या कंपनीने काढला. म्हणजे वातावरण काय होतं याचा अंदाज येईल.

खडूस_काका

ठीक. पाऊण पटलं.

जुना_कॅसेटवाला

+१ पायवाट

तबलजी

संगीताबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून चोंबडेपणा करतो. जपानी मला येत नाही, पण धागा वाचून दोन रात्री तीच गाणी लावली आहेत. (शेजारी विचारून गेले, सगळं ठीक ना.)

उन्हाळवाट म्हणतात शब्द सोपे म्हणून कळले. माझ्या मते ते अर्धंच कारण. दुसरं अर्धं मात्रांत आहे. जपानी भाषा मात्रांनी मोजतात हे शोधल्यावर कळलं. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरी वाटतं, त्यांना ते चार ठोक्यांचं: तो-ओ-क्यो-ओ. अनुनासिकाचाही स्वतंत्र ठोका. म्हणून 'लिंदा' त्यांच्याकडे तीन मात्रांचा: रि-न्-दा. आपल्या हिशेबाने तोच लिं दोन, दा दोन, असा चारचा झाला असता. आता हिरोतोचं गाणं ऐका. तो जवळजवळ प्रत्येक मात्रेला एक स्वर देतो. ओढत नाही, मुरकी नाही, शब्द गिळत नाही. मनाचे श्लोक म्हणताना मुलं कशी एकेक अक्षर ठोकतात, तसं. त्यावर ड्रमवालाही तोच ठोका धरून बसलेला. मग परक्यालाही शब्द वेगवेगळे ऐकू येणारच. इतर जपानी रॉक ऐकून बघितलं, तिथे इंग्रजी शब्द कोंबलेले, अक्षरं ताणलेली, काहीच सुटं होत नाही.

दुसरी गंमत 'जोनेत्सु नो बारा'ची. आपण मुखडा-अंतरा-मुखडा असं ऐकायला सरावलेले. इथे एक कडवं झालं, दुसरं झालं, आता ध्रुवपद येईल म्हणून कान टवकारतो, येतच नाही. शेवटी गाणं संपायला आलं की एकदाच येतं आणि गाणं खलास. समेवर येतो येतो म्हणत गवयाने तासभर फिरवावं आणि एकदाच सम दाखवून उठून जावं तसं. मी लगेच पुन्हा लावलं. विक्रीत पहिला क्रमांक का आला ते मला तरी कळलं, पोरांनी ती एक ओळ पुन्हा ऐकायला रेकॉर्ड घेतली असणार!

उन्हाळवाट

तबलजी, वा! वीस वर्षं ऐकतोय, मनाचे श्लोक कधी सुचले नव्हते. आता पुसता येणार नाहीत.

त्या गाण्याचे शब्दही बघा. आजवर पाहिलेलं, ऐकलेलं, शिकलेलं सगळंच जर थापा निघालं तर काय मजा येईल, असं तो म्हणतो. मजा! चीड नाही. आणि ते एकदाच येणारं ध्रुवपद म्हणजे मनाच्या पार आतल्या फुलदाणीला पाणी घालूया. खडूस काकांना पुन्हा बालगीत वाटेल.

मात्रांवरून आठवलं, 'ट्रेन-ट्रेन'मध्ये एक खेळ आहे. स्वातंत्र्याला जपानीत 'जियूऽ' आणि बंदुकीला 'जूऽ'. माशी लिहितो, न दिसणारं 'जियूऽ' हवं म्हणून न दिसणारी 'जूऽ' झाडत सुटलोय. एका मात्रेचा फरक आणि स्वातंत्र्याची बंदूक झाली. हे मराठीत आणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा-भजी.

बोरकूट

मुक्ती / मूठ? मुभा / मुसळ? जाऊ दे, चहा मीच पाजतो.

निशिगंध

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते. कावासाकीत राहते. पायवाटताई, तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मोज्यांचा रंग अजूनही आहे हो!

दोन गोष्टी. एक, उन्हाळ्यात कोशिएनला शालेय बेसबॉलची देशपातळीवरची स्पर्धा होते, टीव्हीवर दिवसभर चालू. प्रत्येक शाळेचं वाद्यवृंद पथक भर उन्हात ट्रम्पेट घेऊन बसलेलं असतं आणि खेळाडू फलंदाजीला आला की गाणं वाजवतं. त्यात 'ट्रेन-ट्रेन' ठरलेलं. नियमांना कंटाळलेल्या पोरांचं गाणं आता गणवेशातली पोरं एका ओळीत बसून वाजवतात. मला आधी हे वाईट वाटायचं. आता वाटत नाही, पण का ते नीट सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, माझी मुलगी दहावीत, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. शरदात शाळेचा 'बुंकासाइ' असतो, आपल्या गॅदरिंगसारखा, फक्त सगळं मुलंच करतात. वर्गावर्गांत भुताचं घर, नूडल्सचे स्टॉल, व्यायामशाळेत बँड. चार मुलींनी बँड काढलाय आणि ब्लू हार्ट्सच वाजवणार आहेत. मी म्हटलं, अगं हे तर तुझ्या आजीच्या... नाही, माझ्या वयाच्या लोकांचं. ती म्हणाली, आई, तीनच सूर लागतात आणि ओरडायला मिळतं.

टिकलीताई

डबे भरून झाले, आले.

निशिगंध, तुमच्या मुलीने 'लिंदा लिंदा लिंदा' हा चित्रपट बघितला असणार! २००५चा, दिग्दर्शक नोबुहिरो यामाशिता. अगदी हीच गोष्ट. शाळेचा उत्सव तीन दिवसांवर, मुलींचा बँड फुटलेला, गाणारी नाही. मग जी पहिली समोरून येईल तिला विचारतात, आणि ती निघते कोरियाहून आलेली विद्यार्थिनी, जिला जपानी धड येत नाही. ती भूमिका बे दू-नाने केलीय. ती हेडफोन लावून पहिल्यांदा हे गाणं ऐकते आणि रडायला लागते. उन्हाळवाट, तुमच्या कराओकेतल्या क्षणासारखंच नाही का ते? भाषा अर्धवट येणाऱ्या माणसाला थेट जाऊन लागणारं गाणं. त्यांच्या बँडचं नाव 'पारानमाउम', कोरियनमध्ये निळं हृदय. चित्रपटात फारसं काही घडत नाही हे आधीच सांगते. मुली झोपतात, उशिरा उठतात, पावसात भिजतात. 'बोकु नो मिगिते' म्हणजे 'माझा उजवा हात', तेही वाजवतात. माझा उजवा हात कुणी पाहिला का, अशी विचारणा करणारं विचित्र, दुखरं गाणं.

आणि यातूनच पुढची पिढी बघा. अमेरिकेत लॉस एंजेलिसला 'द लिंदा लिंदाज' नावाचा मुलींचा बँड आहे, नाव या चित्रपटावरून घेतलेलं. २०२१मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयात गायलेल्या त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ जगभर फिरला. वर्गातल्या एका मुलाने वंशावरून बोलल्याचा राग होता त्यात. पुस्तकांच्या कपाटांसमोर, पायात स्नीकर्स.

जुना_कॅसेटवाला

'आओझोरा'बद्दल कुणीच कसं लिहीत नाही? माझ्या मते यांचं सगळ्यात मोठं गाणं ते.

पहिल्यांदा अनुवाद वाचला तेव्हा दचकलो. टीव्हीच्या काचेपलीकडे रुबाबदार घोडदळाने इंडियनांना गोळ्या घालून पाडलं, अशी सुरुवात. म्हटलं हे काय, आपल्याला का मारताहेत? मग ट्यूब पेटली, हॉलिवूडचे काउबॉयपट, आणि इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. एकाच शब्दाने झालेला पाचशे वर्षांचा घोळ, अजून आमच्यापर्यंत पोचतोच आहे.

पण पुढचं ऐका. जन्म कुठला, कातडीचा रंग, डोळ्यांचा रंग, यावरून तुम्हाला माझ्याबद्दल काय कळणार, असं तो विचारतो. चाल अगदी संथ. आणि मग एकदम बसचा ड्रायव्हर येतो: ड्रायव्हरदादा, त्या गाडीत मलाही घ्या की, कुठेही जाणारी असली तरी चालेल. भाषण सुरू होईल असं वाटत असतानाच तो हात दाखवून गाडी थांबवतो. जात विचारणाऱ्या देशात राहणाऱ्या माणसाला हे गाणं परकं वाटायचं कारणच नाही.

पायवाट

'ड्रायव्हरदादा' काय सुरेख बसलंय! मुळात 'उन्तेनशु-सान' आहे, त्या 'सान'ला 'दादा'हून चांगला शब्द नाही.

उन्हाळवाट

खरंय. मी आपला 'चालकसाहेब' करत बसलो होतो.

असाच अडलेला आणखी एक शब्द म्हणजे 'गांबारे'. 'हितो नी यासाशिकु'चा सगळा जीव त्यात आहे. माइकच्या आतून तो 'गांबारे' म्हणतो, आणि तुलाही ऐकू यावं म्हणतो. परीक्षेला निघालेल्या पोराला, आजाऱ्याला, मॅरेथॉनवाल्याला, सगळ्यांना जपानी माणूस हेच म्हणतो. 'प्रयत्न कर' म्हणजे शिक्षक झाला. 'शुभेच्छा' म्हणजे बॅनर.

टिकलीताई

"नेट लाव."

तबलजी

"हाण!"

खडूस_काका

"लढ, बाप्पू." आमचे वडील म्हणायचे. बोर्डाच्या परीक्षेला स्टँडवर सोडायला आले होते, गाडी सुटताना खिडकीतून एवढंच. दुसरं काही म्हणाले नाहीत.

पटलं. पूर्ण.

सातमजली

धागा वाचून एक शोध लागला. 'डिटेक्टिव्ह कोनान'चं १९९६चं अगदी पहिलं शीर्षकगीत 'मुने गा दोकिदोकि' ज्यांनी गायलं ते 'द हाय-लोज', म्हणजे हेच हिरोतो आणि माशी! ब्लू हार्ट्स मोडल्यावर काढलेला बँड. म्हणजे मी शाळेपासून यांना ऐकतोय आणि मला पत्ता नाही. (कार्टूनची शीर्षकगीतं म्हणून हिणवणारा तो प्रतिसाद माझाच होता. कान पकडतो.)

उन्हाळवाट

सातमजली, माफ केलं, उठाबशा नकोत! हाय-लोज २००५पर्यंत चालला, २००६पासून दोघांचा 'द क्रो-मॅग्नन्स'. साठी उलटली, अजून उड्या मारतात. आणि मंचावर ब्लू हार्ट्सची गाणी घेत नाहीत. लोक आशेने जातात, हे नवीनच वाजवतात. मला आधी राग यायचा. पण जुन्या गाण्यांची दुकानदारी न करणं हाच त्यांचा उरलेला पंक असावा. गाणी आता कराओकेवाल्यांची, कोशिएनच्या ट्रम्पेटची आणि निशिगंधच्या मुलीची.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी: पहिला अल्बम सलग ऐका, मग 'ट्रेन-ट्रेन'. १९९३च्या 'स्टिक आउट'मधलं 'सेन नो बायोरिन' म्हणजे हजार व्हायोलिनं, तेही सोडू नका. त्याचंच वाद्यवृंदासह केलेलं रूप आहे, नाव एक हजार एक व्हायोलिनं! विनोद कळायला मला वर्ष लागलं.

निशिगंध

धागा वर काढते आहे. बुंकासाइ झाला परवा.

मुलींचं 'लिंदा लिंदा' ठरलेलं होतंच, पण आयत्या वेळी 'ट्रेन-ट्रेन'ही घ्यायचं ठरलं. पियानो लागतो. शाळेचा मोठा पियानो मंचाखाली, तो हलवायला परवानगी नाही (नियम!), कीबोर्डवाली मुलगी तापाने आडवी. आदल्या रात्री लेक कपाटातून माझी पेटी काढून बसली. सासूबाईंनी लग्नात दिलेली, तोक्योतल्या निशिकासाईच्या गणपतीतल्या आरत्यांपुरतीच बाहेर निघते. अडचण ही की पियानोच्या सुरुवातीला दोन्ही हात हवेत, आणि पेटीला एक हात भात्याला लागतो. मग बेसवालीची धाकटी बहीण मागे बसून भाता मारणार असं ठरलं. त्या पोरीने आयुष्यात पेटी पाहिली नव्हती. रात्री दहापर्यंत आमच्या बैठकीत सराव, खालच्या मजल्यावरच्या आजी येऊन गेल्या, कसला आवाज म्हणून.

व्यायामशाळेत मी मागे उभी होते. पहिल्या ओळीला भाता जरा दमला, सूर खाली बसतो की काय असं वाटलं, मग सावरला. ड्रम सुरू झाल्यावर पेटी काही ऐकूच आली नाही. पोरं उड्या मारत होती. एक करड्या सुटातले सर भिंतीला टेकून उभे होते, ओठ हलत होते त्यांचे, मी बघितलं.

तबलजी

वाऽऽ! कोणत्या पट्टीत वाजवलं?

निशिगंध

पट्टी मला विचारू नका, लेकीने मोबाइलवर ऐकून ऐकून शोधली. कार्यक्रमाचा कागद मात्र जपून ठेवलाय. वाद्यांच्या रकान्यात लिहिलंय: गिटार, बेस, ड्रम, पेती (दोन जणी).